ग्रंथालयांची उसनवारी

१

दुसऱ्याच्या हातीं गेलेलें पुस्तक कायमचेंच गेलें असें धरून चालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे; आणि ज्यांच्या घरीं दोनचार कपाटें भरून पुस्तकें आहेत त्यांना ती रीत अगदींच अनाठायीं आहे असें म्हणवणार नाहीं. तथापि जगांत विद्येचा जो प्रसार झाला तो बव्हंशीं उसन्या पुस्तकांवरच झाला, ही गोष्टहि तितकीच खरी आहे. छापखाना येण्यापूर्वीं एका ठिकाणची पोथी दुसऱ्या ठिकाणीं नेऊन तिची नक्कल केल्यावांचून ग्रंथाची दुसरी प्रत जन्मासच येत नसे. ग्रंथ राखणारा आणि ग्रंथ मागणारा असे दोन पक्ष विद्येच्या इतिहासांत आरंभापासून आहेत. पहिल्याला ग्रंथ हरवूं नये ही काळजी, दुसऱ्याला तो मिळावा ही तळमळ. या दोहोंची तडजोड ज्या व्यवस्थेनें घडवून आणिली तिला ग्रंथालयशास्त्रांत आंतरग्रंथालयीन देवघेव असें नांव आहे. वाचकाला हवें असलेलें पुस्तक किंवा लेख आपल्यापाशीं नसल्यास तो दुसऱ्या ग्रंथालयाकडून आणवून द्यावयाचा, इतकाच तिचा अर्थ.

विषय वरवर पाहतां कारकुनी वाटेल. परंतु गेल्या पन्नाससाठ वर्षांत या देवघेवीला एक निराळेंच महत्त्व आलें आहे. शास्त्रीय व संशोधनपर नियतकालिकांच्या वर्गण्या इतक्या चढल्या कीं धनाढ्य विद्यापीठांनाहि त्या पेलेनाशा झाल्या. आणि मग असा प्रश्न पुढें आला कीं, वर्षांतून दोनचार लेखांपुरतें लागणारें नियतकालिक वर्गणी भरून घरीं बाळगण्यापेक्षां लागेल तो लेख लागेल त्या दिवशीं दुसऱ्याकडून कां मागवूं नये? संगणकानें हें मागविणें इतकें सोपें करून टाकलें कीं कित्येकांना उसनवारी हाच वर्गणीचा पर्याय वाटूं लागला. या विचाराचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण त्यांत एक धोक्याची सूचनाहि आहे. उसनवारीचें यंत्र जसजसें सुधारत गेलें तसतसा उसनें देणारा कोण हा प्रश्न मागें पडत गेला, आणि आज तोच सर्वांत निकडीचा होऊन बसला आहे, असें आमचें मत आहे. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

२

मध्ययुगाच्या उत्तरार्धांत युरोपांतील अनेक ग्रंथालयांत ग्रंथ सांखळीनें फळीला जखडून ठेवीत, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. कांहीं मठांतील साधूंनीं तर आपले ग्रंथ बाहेर देणार नाहीं अशी शपथच घेतली होती. इ. स. १२१२ मध्यें पॅरिस येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें या शपथांना मनाई केली, आणि गरजूस ग्रंथ उसना देणें हें दयेच्या प्रमुख कृत्यांपैकीं एक आहे असा निर्णय दिला. त्याच निर्णयांत पुढें एक व्यवहारी तोडगाहि होता : नीट विचार करून कांहीं ग्रंथ मठवासीयांच्या उपयोगासाठीं मठांतच ठेवावे आणि कांहीं मठाधिपतीच्या विवेकानें बाहेर द्यावे. ही विभागणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील आठशें वर्षांत जें जें घडलें त्याचें माप घ्यावयास ती उपयोगी पडेल.

अर्वाचीन काळांत या प्रथेला नियमबद्ध रूप देण्याचा मान बव्हंशीं अमेरिकेकडे जातो. मॅसाच्युसेट्स प्रांतांतील वूस्टर गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनीं १८७६ सालीं 'लायब्ररी जर्नल' या नुक्त्याच निघालेल्या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध केलें. थोड्या मुदतीकरितां ग्रंथालयांनीं एकमेकांस पुस्तकें देण्याची वहिवाट पडल्यास वाचकांची मोठी सोय होईल, हें त्या पत्राचें सार. त्याच वर्षीं अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. पुढें १८९४ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रंथपाल जोसेफ रोवेल यांनीं अशी देवघेव रीतसर सुरू केली, आणि १९१७ सालीं ग्रंथालय संघानें तिची नियमावली तयार केली. असामान्य ग्रंथ पुरवून संशोधनास साह्य करणें हा तिचा पहिला उद्देश होता. इंग्लंडांत याच सुमारास, १९१६ मध्यें, गरीब प्रौढ विद्यार्थ्यांसाठीं एक मध्यवर्ती ग्रंथालय निघालें. तेंच पुढें देशभरच्या ग्रंथालयांच्या देवघेवीचें केंद्र बनून 'नॅशनल सेंट्रल लायब्ररी' या नांवानें प्रसिद्धीस आलें.

परंतु मागणी करावयाची तर वस्तु कोणापाशीं आहे हें आधीं कळलें पाहिजे. या कामीं संयुक्त सूचींचा उपयोग झाला. कोणतें नियतकालिक, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणकोणत्या ग्रंथालयांत आहे याची अमेरिका व कॅनडा यांपुरती पहिली मोठी यादी १९२७ सालीं छापून निघाली. अशा याद्या करण्याचें काम किती कंटाळवाणें असेल याची कल्पना ज्यांनीं एखाद्या मासिकाचे सुटे अंक जुळवून पाहिले आहेत त्यांनाच येईल. पण पुढें संगणकानें जी किमया केली तिची सगळी पुंजी या निनांवी कष्टांनींच जमविलेली होती.

३

पुस्तकांपेक्षां नियतकालिकांचा प्रश्न अवघड कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. पॅरिस व लंडन येथें पहिलीं विद्वन्मान्य नियतकालिकें १६६५ सालीं निघालीं. विसाव्या शतकांत त्यांची संख्या हजारांवर हजार अशी वाढत गेली. नवें ज्ञान प्रथम प्रकट होतें तें त्यांतच. पण हें ज्ञान त्यांत सारखें वाटलेलें नसतें. लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयाचे सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनीं १९३४ मध्यें हें आंकड्यांनीं दाखविलें. भूभौतिकशास्त्रावरील १३३२ लेख त्यांनीं गोळा केले, तेव्हां ते ३२६ नियतकालिकांत विखुरलेले आढळले. त्यांतील ४२९ लेख अवघ्या ९ नियतकालिकांत होते. पुढचे ४९९ लेख ५९ नियतकालिकांत. आणि राहिलेल्या ४०४ लेखांसाठीं २५८ नियतकालिकें धुंडाळावीं लागलीं. म्हणजे विषयाचा एक तृतीयांश भाग थोड्या खर्चांत हातीं येतो, आणि शेवटचा तृतीयांश मिळविण्यास अठ्ठावीसपट नियतकालिकें लागतात.

याच ग्रंथालयांत पुढें डोनाल्ड अर्कहार्ट नांवाचे एक गृहस्थ आले. त्यांनीं १९५६ मध्यें तेथून बाहेर उसन्या गेलेल्या नियतकालिकांची मोजदाद केली. नऊ हजारांवर नियतकालिकांपैकीं निम्म्याहून अधिकांना वर्षभरांत एकानेंहि हात लावला नव्हता, आणि ऐंशी टक्के मागणी शेंकडा दहांहून कमी नियतकालिकांनींच भागविली होती. यावरून अर्कहार्ट यांनीं जो निष्कर्ष काढला तो साधा पण दूरवर परिणाम करणारा होता. क्वचित् लागणारीं नियतकालिकें प्रत्येक विद्यापीठानें घेणें हा अपव्यय आहे. तीं सर्व राष्ट्रासाठीं एके ठिकाणीं घ्यावीं आणि तेथून टपालानें हवीं तेथें धाडावीं.

या कल्पनेला मूर्त स्वरूप आलें तें यॉर्कशरमधील बॉस्टन स्पा या गांवीं. दुसऱ्या महायुद्धांतील दारूगोळ्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर १९६२ मध्यें विज्ञान व तंत्रविद्या यांच्या नियतकालिकांचें राष्ट्रीय देवघेव ग्रंथालय उघडलें. या ग्रंथालयास नियतकालिकांची सूची मुळींच नव्हती! अंक नांवांच्या वर्णानुक्रमानें फळ्यांवर लावलेले. मागणीपत्र हातीं आलें कीं माणसानें सरळ फळीशीं जावें, असला तर अंक काढावा, नसला तर तसें कळवावें. मागणीपत्रें आधीं पैसे भरून विकत घ्यावयाचीं, म्हणजे प्रत्येक वेळीं हिशेब लिहिण्याची दगदग नको. शंभर वर्षें सूचीला देव्हाऱ्यांत बसविणाऱ्या ग्रंथपालांना हा प्रकार पाखंडी वाटला असल्यास नवल नाहीं. पण काम झपाट्यानें होऊं लागलें. १९७३ मध्यें हें ग्रंथालय ब्रिटिश लायब्ररीचा एक विभाग झालें, आणि शतकाच्या अखेरीस त्याच्याकडे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास मागण्या येत होत्या. यांत यंत्राचा भाग थोडा आणि विचाराचा भाग मोठा होता. कामांतील अनावश्यक पायऱ्या प्रथम काढून टाकाव्या आणि मग उरलेल्या यंत्राच्या स्वाधीन कराव्या, हें तत्त्व अर्कहार्ट यांच्या उदाहरणावरून शिकण्यासारखें आहे.

४

मध्यंतरीं उसनवारीचें मूळ स्वरूपच पालटून टाकणारी एक गोष्ट घडली. १९५९ सालीं झेरॉक्स कंपनीनें साध्या कागदावर छायाप्रत काढणारें यंत्र बाजारांत आणिलें. आतां नियतकालिकाचा जाडजूड बांधीव खंड धाडण्याची जरुरी उरली नाहीं. हव्या त्या लेखाच्या आठदहा पानांची प्रत पाकिटांत घालून दिली कीं झालें. मूळ अंक जागच्या जागीं, आणि प्रत परत करावयाची नाहीं. म्हणजे नांव उसनवारीचें राहिलें, पण व्यवहार दानाचा झाला.

प्रकाशक यावर स्वस्थ बसणें शक्य नव्हतें. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थांच्या ग्रंथालयानें १९७० या एका वर्षांत ८५,७४४ लेखांच्या, म्हणजे सुमारें ९ लाख ३० हजार पानांच्या छायाप्रती काढून दिल्या होत्या. बाल्टिमोरच्या विल्यम्स अँड विल्किन्स या वैद्यकीय नियतकालिकांच्या प्रकाशकांनीं सरकारवर फिर्याद लावली. १९७३ मध्यें निकाल सरकारच्या बाजूनें लागला. सर्वोच्च न्यायालयांत १९७५ सालीं न्यायाधीशांचीं मतें समसमान पडल्यामुळें तोच कायम राहिला. वैद्यकीय संशोधनाची वाट अडवून प्रकाशकाचें फारसें हित सिद्ध होत नाहीं, हा विचार त्या निकालाच्या मुळाशीं होता.

तरीहि प्रश्न मिटला नाहीं. १९७६ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यानें असें ठरविलें कीं, वर्गणीची जागा घेईल इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रती मागवूं नयेत. मग 'इतक्या मोठ्या' म्हणजे किती? एका आयोगानें त्याचें माप सुचविलें. एका नियतकालिकाच्या मागील पांच वर्षांच्या अंकांतून एका ग्रंथालयानें वर्षाकांठीं पांचांहून अधिक लेख मागवूं नयेत. सहावी मागणी आली म्हणजे समजावें कीं या नियतकालिकाची तुम्हांला खरोखर गरज आहे. आतां वर्गणी भरा, नाहीं तर दर प्रतीमागें मोबदला द्या. उसनवारी आणि वर्गणी यांच्यामधील सीमा अशा रीतीनें प्रथमच आंकड्यांत आंखली गेली, आणि ग्रंथपालाच्या हातीं एक हिशेबाचें साधन आलें. पांचांच्या आंत मागणी असेल तें नियतकालिक बंद केल्यानें वाचकाचें फारसें नुकसान होणार नाहीं, हें तो आतां आपल्या विद्यापीठास दाखवूं शकत होता.

५

संगणकाचा प्रवेश याच काळांतला. ओहायो प्रांतांतील ५४ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीं १९६७ मध्यें एकत्र येऊन एक केंद्र काढलें आणि येल विद्यापीठांतून फ्रेडरिक किल्गोर यांना चालक म्हणून आणिलें. एका पुस्तकाची नोंद एकानें करावी आणि ती सर्वांनीं वापरावी, हा मूळ हेतु. १९७१ मध्यें पहिलें ग्रंथालय तारेनें या संगणकास जोडलें गेलें. नोंदी सांठत गेल्या तसें आपोआप असें झालें कीं, कोणतें पुस्तक कोणापाशीं आहे याची एक जिवंत संयुक्त सूची तयार झाली. १९७९ सालीं तिच्यावरच देवघेवीची व्यवस्था बसविण्यांत आली. मागणाऱ्यानें पांच ग्रंथालयांचीं नांवें द्यावयाचीं. पहिल्यानें ठराविक दिवसांत उत्तर दिलें नाहीं कीं मागणी आपोआप दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जाई. नकाराचीं पत्रें आणि त्यांची वाट पाहण्यांत जाणारे आठवडे वांचले.

पण माणसाचा हात अजून प्रत्येक पायरीवर लागतच होता, आणि तो महाग होता. १९९३ मध्यें अमेरिकेंतील संशोधन ग्रंथालयांनीं आपल्या खर्चाची छाननी केली, तेव्हां एक मागणी पुरी करण्यास मागणाऱ्यास १८ डॉलर ६२ सेंट आणि देणाऱ्यास १० डॉलर ९३ सेंट, मिळून २९ डॉलर ५५ सेंट लागतात असें निघालें. यांतील सुमारें तीनचतुर्थांश खर्च नोकरवर्गाच्या पगाराचा होता. उलट बाजूस वर्गण्या चढतच होत्या. त्याच ग्रंथालयांचा एकेका नियतकालिकामागील खर्च १९८६ पासून २००३ पर्यंत तिपटीहून अधिक झाला. सामान्य महागाई त्या मुदतींत पाऊणपटीनेंहि वाढली नव्हती. समजा, एखाद्या नियतकालिकाची वर्गणी दोन हजार डॉलर आहे आणि वर्षांतून त्यांतले पांच लेख लागतात. ते मागविण्यास दीडशें डॉलरहि लागत नाहींत. हा हिशेब कोणासहि पटण्यासारखा आहे. 'लागलें तर असावें' म्हणून घेण्यापेक्षां 'लागेल तेव्हां आणावें' हें धोरण १९९० नंतर सर्वत्र बोललें जाऊं लागलें तें यामुळेंच. अडचण एकच होती. उसना लेख यावयास आठपंधरा दिवस लागत, आणि तोंवर संशोधकाचा धागा तुटून जाई.

ही अडचण एका आपत्तीनें दूर केली. २८ जुलै १९९७ च्या रात्रीं कोलोरॅडो प्रांतांतील फोर्ट कॉलिन्स गांवीं प्रचंड पाऊस पडून पूर आला. त्यांत पांच माणसें दगावलीं. तेथील विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाच्या तळघरांत नियतकालिकांचे बांधीव खंड ठेवलेले होते. भिंत फोडून पाणी आंत शिरलें आणि चार लाखांहून अधिक खंड एका रात्रींत भिजून गेले. लौकरच नवें सत्र सुरू व्हावयाचें, आणि विद्यार्थ्यांना देण्यास मागील अंकच नाहींत! पुष्कळ लेख रोज दुसऱ्यांकडून मागविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. अशा वेळीं जुन्या रीतीनें एकेक मागणी हाताळीत बसणें अशक्य होतें. म्हणून तेथील ग्रंथालयाच्या माणसांनींच एक नवी संगणकीय व्यवस्था रचली आणि तिला 'रॅपिड' हें नांव दिलें.

तिची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सभासद ग्रंथालयानें आपल्याजवळ कोणत्या नियतकालिकाचे कोणत्या वर्षांचे अंक आहेत याची यादी आधींच देऊन ठेवावयाची. वाचकाची मागणी आली कीं संगणक वर्ष जुळवून पाहतो, ज्याच्यापाशीं तो अंक आहे अशा ग्रंथालयाची निवड करतो, आणि कामाचा भार एकावरच पडूं नये म्हणून तो सर्वांत वांटून देतो. ग्रंथपालास मधें कांहीं ठरवावें लागत नाहीं. देणाऱ्या ग्रंथालयांतील माणूस फळीवरून खंड काढतो, पानांची संगणकीय प्रत घेतो आणि तारेवरून रवाना करतो. हें सारें चोवीस तासांच्या आंत व्हावें असा सभासदांचा परस्परांत करार. जी गोष्ट पुरानें ओढवलेल्या गरजेपोटीं केली ती इतकी उपयोगी ठरली कीं, ज्यांच्याकडे पूर आला नव्हता अशीं अनेक विद्यापीठेंहि या मंडळांत सामील झालीं. लेख दुसऱ्या दिवशीं हातीं येऊं लागला. मग दुर्मिळ मागणीच्या नियतकालिकास वर्गणी कशाला भरावी, हा प्रश्न विचारण्यास आतां कोणीहि कचरण्याचें कारण उरलें नाहीं.

६

येथवरचा इतिहास सुधारणेचा आहे. परंतु याच वर्षांत दुसऱ्या बाजूनें एक बदल चालू होता. नियतकालिकें कागदावरून संगणकावर आलीं, आणि त्यांबरोबर खरेदीचा अर्थच बदलला. पूर्वीं वर्गणी भरली कीं अंक ग्रंथालयाच्या मालकीचा होई. वर्गणी उद्यां बंद केली तरी कालचा अंक फळीवर राही, आणि तो कोणास द्यावा कोणास न द्यावा हें ग्रंथपाल ठरवी. आतां ग्रंथालय जें विकत घेतें तो वाचण्याचा परवाना असतो. १९९६ च्या सुमारास प्रकाशकांनीं आपलीं सगळीं नियतकालिकें एकाच गांठोड्यांत बांधून देण्याची पद्धत काढली. गांठोडें घेतलें तर सर्व घ्या, नाहीं तर सोडा. उसनें देतां येईल कीं नाहीं, हेंहि परवान्यांतच लिहिलेलें असतें. कित्येक परवान्यांनीं तें साफ नाकारलें. कित्येकांनीं अशी अट घातली कीं लेख आधीं कागदावर छापावा, त्या कागदाची पुन्हां प्रत घ्यावी, आणि मगच ती दुसऱ्या ग्रंथालयास पाठवावी. जी वस्तु क्षणांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास जाऊं शकते ती मुद्दाम लंगडी करून पाठवावयाची, असा हा प्रकार!

उसनवारीचा पर्याय किती टिकाऊ आहे याची एक मोठी परीक्षा कॅलिफोर्निया विद्यापीठानें घेतली. रोवेल यांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं जेथें देवघेव सुरू केली होती तेंच हें विद्यापीठ. २८ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्यानें एल्सेव्हिअर या जगांतील सर्वांत मोठ्या शास्त्रीय प्रकाशकाशीं करार न करण्याचें जाहीर केलें. मार्च २०२१ मध्यें नवा करार होईपर्यंत दोन वर्षें तेथील संशोधकांनीं नवे लेख लेखकांकडून, खुल्या प्रतींतून आणि देवघेवीच्या द्वारा मिळविले. विद्यापीठाचें काम बंद पडलें नाहीं, आणि प्रकाशकाशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणें करतां आलें. यापूर्वीं जर्मनी व स्वीडन येथील विद्यापीठांनींहि असेंच धैर्य दाखविलें होतें. ज्याच्यापाशीं दुसरा मार्ग आहे त्याचीच घासाघीस ऐकली जाते, हा बाजाराचा नियम विद्येच्या बाजारासहि लागू पडतो.

परंतु या यशाच्या मुळाशीं काय होतें? कॅलिफोर्नियानें वर्गणी बंद केली तेव्हां दुसऱ्या शेंकडों विद्यापीठांनीं ती चालू ठेवली होती, म्हणून मागण्यास जागा होती. सर्वांनींच कॅलिफोर्नियाचा कित्ता गिरविला असता तर उसनें देणार कोण? विहिरीला पाणी आहे तोंवर रहाट कितीहि उत्तम असावा. पण पाणी आटलें कीं तो कोरडाच फिरणार. शिवाय रहाटाची मालकीहि विचारांत घेतली पाहिजे. ग्रंथालयाच्या माणसांनीं पुरांतून उभी केलेली रॅपिड ही व्यवस्था २०१९ मध्यें एक्स लिब्रिस या व्यापारी कंपनीनें घेतली. ती कंपनी ज्यांची होती तो प्रोक्वेस्ट हा व्यवसाय २०२१ मध्यें क्लॅरिव्हेट या त्याहून मोठ्या कंपनींत विलीन झाला. यांत कोणी कपट केलें असें आम्ही म्हणत नाहीं. व्यवस्था चालविण्यास भांडवल लागतें आणि विद्यापीठांना तें जड जातें. पण परस्परसाह्याचें साधनहि अखेर विक्रीची वस्तु होऊं शकतें, इतकें यावरून दिसलें.

या प्रश्नाचें उत्तर शोधणारीं उदाहरणेंहि आहेत. इंग्लंडांत २००७ मध्यें असा प्रयोग सुरू झाला कीं, क्वचित् लागणारें नियतकालिक काढून टाकण्यापूर्वीं ग्रंथालयानें इतरांस विचारावें. ब्रिटिश लायब्ररींत एक आणि इतर सभासदांत दोन, अशा तीन प्रती देशांत राहतील याची खात्री झाली तरच आपली प्रत रद्द करावी. यानें जागा मोकळी झाली आणि ठेवाहि राहिला. संगणकीय नियतकालिकांसाठीं स्टॅनफर्ड विद्यापीठानें अशी योजना काढली कीं, करारानें मिळालेले अंक अनेक ग्रंथालयांनीं आपापल्या संगणकांत जपून ठेवावे आणि एकाची प्रत बिघडली तर दुसऱ्याच्या प्रतीवरून ती दुरुस्त व्हावी. दोन्ही योजनांचें मर्म एकच. कोण राखणार हें आधीं ठरवा. मग कोणी उसनें मागावें हें आपोआप ठरेल.

७

आपल्या देशास हा विषय परका नाहीं. डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ मध्यें ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें सांगितलीं त्यांत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा हें एक आहे आणि वाचकाचा वेळ वांचवावा हें दुसरें आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं दिल्लीस 'इन्सडॉक' ही संस्था निघाली. देशांतील शास्त्रीय नियतकालिकांच्या संयुक्त सूची करणें आणि मागेल त्या शास्त्रज्ञास लेखाची प्रत टपालानें धाडणें हें तिचें काम होतें. १९८८ मध्यें दिल्लींतील ग्रंथालयांचें 'डेलनेट' हें जाळें सुरू झालें. महाराष्ट्रास विशेष आपुलकी वाटावी अशी गोष्ट म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांस संगणकानें जोडणारी 'इन्फ्लिबनेट' ही योजना १९९१ मध्यें पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पदराखालीं जन्मास आली, आणि १९९६ मध्यें स्वतंत्र झाली. गुजराथेंत नांदणारी ही संस्था मूळची अशी पुण्याची. तिनें पुढें देशांतील २२ ग्रंथालयांवर इतर विद्यापीठांस लेख पुरविण्याची कामगिरी सोंपविली. म्हणजे अर्कहार्ट यांचें तत्त्व येथेंहि रुजूं लागलें होतें.

तथापि २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें जो निर्णय घेतला तो दुसऱ्या दिशेचा आहे. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेनें २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरितां सुमारें ६,००० कोटि रुपये मंजूर झाले. तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांतील अध्यापक व विद्यार्थी यांना खुलीं करावीं, असा हा संकल्प आहे. आडगांवच्या सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला मुंबईच्या विद्यार्थ्याइतकेंच वाचावयास मिळावें, यापरतें स्वागतार्ह दुसरें काय असणार? एकेकट्या संस्थेनें घासाघीस करण्यापेक्षां सर्व राष्ट्रानें एका तोंडानें बोलणें केव्हांहि बरें.

पण वर सांगितलेला इतिहास डोळ्यांपुढें ठेवला तर दोन गोष्टी सुचतात. पहिली ही कीं, एवढ्यानें आंतरग्रंथालयीन देवघेवीचें काम संपलें असें मानूं नये. सरकारी व्यवस्थेबाहेरील महाविद्यालयें, स्वतंत्रपणें अभ्यास करणारे वैद्य, वकील, शिक्षक, निवृत्त संशोधक हे या योजनेच्या दाराबाहेरच आहेत. त्यांना एखादा लेख मिळवून देण्याचें साधन जवळच्या ग्रंथालयावांचून दुसरें नाहीं. तेव्हां राष्ट्रीय करार करतांना, या लेखांच्या प्रती देशांतील कोणत्याहि ग्रंथालयास उसन्या देतां येतील, असें कलम आग्रहानें घालून घेतलें पाहिजे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कराराची मुदत संपल्यावर त्या मुदतींतील अंक कोणापाशीं राहणार, हें प्रत्येक करारांत स्पष्ट असलें पाहिजे. आणि त्यांची एक प्रत देशांतील सार्वजनिक ग्रंथालयांत कायमची जपली गेली पाहिजे. मुदतीच्या परवान्यावर पोसलेली विद्या भाड्याच्या घरांतील बिऱ्हाडासारखी असते. भाडें थकलें कीं भांडींकुंडीं रस्त्यावर.

कोणी म्हणतील कीं, खुल्या प्रकाशनाच्या चळवळीनें हे सारे प्रश्न लौकरच निकालांत निघतील. १९९१ पासून पदार्थविज्ञानाचे संशोधक आपले लेख सर्वांस फुकट वाचावयास ठेवीत आहेत, आणि ही प्रथा इतर शास्त्रांतहि पसरत आहे, हें खरें. पण ती आजचे लेख उघडते. गेल्या साडेतीनशें वर्षांच्या नियतकालिकांचा मोठा भाग अजून कुलुपांतच आहे. शिवाय जें फुकट आहे तेंहि कोणी तरी राखावें लागतेंच.

पॅरिसच्या परिषदेनें घालून दिलेल्या विभागणीकडे आतां पुन्हां पाहावें. कांहीं ग्रंथ ठेवावे, कांहीं द्यावे, असें ती म्हणाली होती. आठशें वर्षांत देण्याची कला आपण पूर्णत्वास नेली; जें काम घोड्यावरून महिन्यांत होई तें आतां एका दिवसांत होतें. ठेवण्याची जबाबदारी मात्र आपण हळूहळू दुसऱ्यांवर टाकीत आलों, आणि ज्यांच्यावर टाकली त्यांचा व्यवसाय ठेवण्याचा नसून विकण्याचा आहे. वर्गणी कमी करून उसनवारी वाढविणें हें शहाणपणाचेंच धोरण आहे. गरीब देशास तर तें अपरिहार्य आहे. पण त्या धोरणाची पहिली अट ही कीं, आपल्या ग्रंथालयांत उसनें देण्याजोगें कांहीं तरी स्वतःचें असलें पाहिजे.